काट्यावर कोणी चढलंच नव्हतं

...आणि वर ती पुण्याच्या फर्मची मॅडम मलाच विचारते, अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात, की साधना, तुम्ही अर्जात खोटं का लिहिलंत? आता तुम्हीच सांगा, आयुष्यात पहिल्यांदा मी अर्जात धडधडीत खरं लिहिलं आणि नेमकं तेच खोटं निघालं. बाकी त्याच अर्जात मी काय काय लिहिलंय ते ऐकलं तर तुम्ही तोंडाला पदर लावाल. 'कंपन्यांच्या विलीनीकरणाबद्दल मला लहानपणापासून कुतूहल आहे' असं लिहिलंय मी. आसेगावात राहून. लहानपणापासून. विलीनीकरणाबद्दल. त्यावर एका शब्दानं कोणी विचारलं नाही हो, ते सगळं खरं धरलं त्यांनी... नाही, चूक माझीच असेल, मी नाही म्हणत नाही.

तुम्हाला सांगते, मी वकील आहे. म्हणजे सनद आहे, कपाटात आहे, संस्कृतीच्या लशींच्या कार्डाखाली. संस्कृती म्हणजे माझी मुलगी, ती आता माझ्या मांडीवर आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका, ती आपलं आपलं चालू ठेवते. तर ती व्हायच्या आधी मी मंगरूळपीरच्या कोर्टात शालिकराम वकीलसाहेबांकडे ज्युनियर होते. ज्युनियर म्हणजे काय, साहेबांच्या मागे त्यांची बॅग आणि बॅगेच्या मागे मी. साहेब म्हणायचे, "साधना, तू फक्त उभी राह्य. बोलाचं मी पाह्यतो. अन् मी नसलो तं तारीख माग." तर तारीख मागण्यात मी इतकी तयार झाले, इतकी तयार झाले, की मी नुसती उठले की जजसाहेब पुढची तारीख सांगून मोकळे व्हायचे. कायदा शिकले, परीक्षेत घटनेवर पानंच्या पानं लिहिली, आणि कोर्टात माझ्या नावावर काय, तर तारखा.

मग पोरगी झाली, कोर्ट सुटलं, आणि घरात बसल्या बसल्या मला समजलं की पुण्यात कंपन्यांची वकिली करणाऱ्या मोठ्या फर्म असतात, तिथं करार करतात, करार तपासतात, आणि नवीन वकिलांना ट्रेनी म्हणून घेतात, शिकवतात, आणि मुख्य म्हणजे तिथं बोलू देतात. फक्त पदवीला फार वर्षं झालेली चालत नाहीत. माझं हे शेवटचं वर्ष. यंदा नाही तर मग नाहीच, मग मी आणि सनद दोघी कपाटात. हरीओमला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, भीत भीत सांगितलं. तो टमाट्याला पाणी देत होता, वर न बघता म्हणाला, "लागली तं जाय. पोट्टीले घेऊन जाय, मानोऱ्यावरून तुया आईले बलावून घे सोबत. इकडलं मी पाह्यतो." बस. एवढंच. मी घरून निघताना अर्ध्या तासाचं भाषण पाठ करून गेले होते, ते तसंच परत आणलं.

तर केले अर्ज. पोरगी झोपली की अर्ज, उठली की बंद. आणि उत्तरं काय यायची, 'आपला अर्ज अत्यंत प्रभावी होता, तथापि'. पुढं पुढं तर मी थेट 'तथापि'पासूनच वाचायला लागले, वरचं वाचायचं कशाला, वरचं सगळ्यांना सारखंच असतं. बाकीचे उमेदवार कोण, तर परदेशात जाऊन वादविवाद स्पर्धा जिंकून आलेले, मोठ्या वकिलांच्या चेंबरात सुट्ट्या घालवलेले. माझ्या सुट्ट्या मिरच्या खुडण्यात गेल्या. त्याला काही रकाना नव्हता.

आणि मग या एका फर्मच्या अर्जात तो प्रश्न आला. 'तुमच्यापेक्षा अधिक अधिकार असलेल्या व्यक्तीसमोर तुम्ही आपली बाजू ठामपणे मांडल्याचा एक प्रसंग लिहा.' मी बसले विचार करत. सासरी? छे. माहेरी? तिथं तर त्याहून छे. कोर्टात? तारीख द्या म्हणणं ही ठाम बाजू होते का? आणि मग मला एकदम तो टमाट्याचा दिवस आठवला.

झालं होतं असं, की हरीओमची कंबर धरली होती, आणि माल तर तोडलेला, तो काही कंबर सुटायची वाट बघत नाही, म्हणून शेजारच्या वच्छलाकाकूंसोबत मीच गेले मंगरूळपीरला, सकाळच्या बोलीला, त्यांची वांगी आणि आमचे टमाटे एकाच ऑटोत. तिथं अडत्या आहे प्रज्वल, माझ्याच वयाचा, बापाची गादी नुकतीच हाती आलेली, आणि तो करायचा काय, तर काट्यावर माल ठेवायचा, वजन मोठ्यानं वाचायचा, आणि लिहिताना त्यातलं थोडं कापून लिहायचा. त्याला कडता म्हणतात. का कापतो, तर माल वाळतो म्हणून. माझ्या डोळ्यांसमोर वाळला का तो, काट्यावरून वहीत जाईपर्यंत? सगळे खाली मान घालून उभे. मी विचारलं, आता कसं काय तोंडातून निघालं देव जाणे, "हे कोणत्या नियमात आहे?"

तो हसला. "वहिनी, हे आजोबाच्या काळापासून चालत आलं हाय."

"मग आजोबांचा कायदा कुठं छापलाय तेवढं दाखवा."

"हरीओमभाऊले पाठवत जा ना वहिनी तुमी. कायले तरास घेता."

आणि मला काय झालं कोण जाणे, तुम्हाला सांगते, मी चप्पल काढली, तेवढं भान होतं, आणि त्या वजनकाट्यावर जाऊन उभी राहिले. म्हटलं, कडता बंद होईपर्यंत कोणाचाच माल चढणार नाही. आता मला उतरवणार कोण? दुसऱ्याच्या बायकोला हात लावून खाली ओढायची कोणाची हिंमत? हमाल एकमेकांकडे पाहतायत, माझं वजन सगळ्या बाजारासमोर लाल आकड्यांत चमकतंय, प्रज्वल म्हणतो, "वहिनी, आता तुमच्यातून कडता कापू का?" मी म्हटलं, "कापून दाखव, मग कोणतं कलम लागतं ते मी सांगते." मागून कोणीतरी शिट्टी मारली. माल तापायला लागला, मागच्या गाड्या खोळंबल्या, आणि शेवटी तो म्हणाला, "उतरा माय, नाही कापत." त्या दिवसापासून नाही कापला. कोणाचाच नाही. मी उतरले आणि चप्पल घातली.

येताना वच्छलाकाकू ऑटोत इतक्या खूश, इतक्या खूश, माझी नजर काढली त्यांनी बोटं मोडून, "पोरी, तू तं झाशीची राणी निंगाली वं." आणि गाव जवळ आलं तशा हळूहळू गप्प होत गेल्या. वेशीपाशी म्हणाल्या, "आता हे इथंच ठेवजो. घरी सुप्रियाचं पाह्यनं सुरू हाय."

सुप्रिया माझी नणंद. तिच्यासाठी स्थळ आलं होतं, मुलगा पुण्याला कंपनीत, लोक चांगले, आणि अशा वेळी मुलीची चौकशी नंतर होते, आधी घराची होते, आणि घराची म्हणजे सुनेची. जिची सून भर बाजारात अडत्याच्या काट्यावर चढते तिच्या लेकीला कोण करून घेणार? आईंना, म्हणजे माझ्या सासूबाई तुळसाबाईंना, काकूंनी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चूल सारखी केली, आणि म्हणाल्या, "झालं ते झालं. म्हंजे झालंच नाही." संध्याकाळपर्यंत ते झालंच नव्हतं. हरीओमला विचारलं तर म्हणे, "मी तं घरी पडून होतो, मी कसं सांगू?" आमच्या घरातलं एवढं एकच विधान कोर्टात टिकलं असतं.

तर ते न झालेलं मी अर्जात लिहिलं. आणि त्यांनी बोलावलं! तथापि नाही, काही नाही, मुलाखतीला बोलावलं, फोनवरच, व्हिडिओवर. मी वर काळा कोट घातला, पांढरे बँड लावले, आणि खाली मांडीवर संस्कृती, कारण तिला दुसऱ्या कोणाकडे राहायचं नव्हतं आणि गप्प बसायची तिची एकच अट असते. तर वर मी करारभंगावर बोलतेय आणि खाली ती दूध पितेय, कॅमेरा मानेच्या खाली जाऊ नये म्हणून मी फोन डब्याला टेकवलेला, आणि मधेच तिनं असा दात लावला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. समोरचे साहेब म्हणाले, "या विषयाबद्दल तुमची कळकळ दिसते." म्हटलं, हो सर. फर्मच्या ज्या निता मॅडम मुलाखतीचं सगळं जुळवून आणत होत्या त्या काट्याच्या गोष्टीला इतक्या हसल्या, म्हणाल्या, असंच माणूस आम्हाला पाहिजे. आता फक्त दोन ओळखीच्या माणसांशी बोलून घेतो, तुमच्या अर्जातलं पडताळायला, रीत असते म्हणून.

एक नाव दिलं शालिकराम साहेबांचं. दुसरं वच्छलाकाकूंचं, कारण त्या तिथं होत्या, त्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं. काकूंना सांगितलं, पुण्याहून एका मॅडमचा फोन येईल, माझ्याबद्दल विचारतील. "सांगतो ना बापा. तुयं चांगलंच सांगतो." आता इथं मी काकूंना स्पष्ट म्हणायला हवं होतं की काकू, भांडणाचं सांगा. पण असं कोणती सून सांगेल हो? की मी भर बाजारात भांडले ते जरूर सांगा, विसरू नका? जीभच वळली नाही. चूक माझीच असेल, मी नाही म्हणत नाही.

फोन आला तेव्हा मी घरी नव्हते. संस्कृतीला डोस द्यायला मंगरूळपीरला गेले होते. परत आले तर ओट्यावर काकू आणि आई मेथी निवडत बसलेल्या, आणि दोघींच्या तोंडावर असं तेज की मला वाटलं सुप्रियाचं जमलं.

"आला होता थो फोन," काकू म्हणाल्या. "पुन्यावरून."

"काय म्हणाल्या मॅडम?"

"मॅडम गिडम काई नाही," आई म्हणाल्या. "पोराकडचे होते."

"कोणते पोराकडचे?"

"अवं सुप्रियाच्या स्थळाचे. पुन्यावरूनच ना? मॅडमच्या नावानं बाई बसवली अन् चौकशी करून राह्यले. मी तं पयल्याच झटक्यात वयखलं."

मी तिथंच पायरीवर बसले. काकूंना कमी ऐकू येतं, त्यामुळं फोन मोठ्या आवाजात, त्यामुळं आईंनी सगळं ऐकलेलं, आणि आता दोघी मला करून दाखवायला लागल्या, काकू मॅडमच्या आवाजात, नाकातून, "साऽधना ताई स्वभावाला कशा आहेत हो?" आणि मग स्वतःच्या आवाजात, "गाय हाय जी, गाय. तोंड उचकटत नाही." मॅडम म्हणे, "पण ठामपणे बोलतात ना त्या? कोणाला विरोध वगैरे?" काकू म्हणे, "इरोध? राम राम. मोठ्या मानसाच्या पुढं उभी राहत नाही थे."

मी म्हटलं, "काकू..."

"आयक ना पुढं. मंग थे मुद्द्यावर आली. म्हने, बाजारात वजनकाट्यावर चढून अडत्याशी भांडल्या होत्या, ते तुमी पायलं ना? मी म्हटलं, कोन सांगतलं तुमाले हे?"

"अन् मंग मी घेतला फोन," आई म्हणाल्या. "म्हटलं, बाई, थे मायी सून नसन. दुसऱ्या कोनाची असन. मायी सून त्या दिवशी घरी पुरनाच्या पोया करत होती. मी सोता खाल्ल्या."

"अन् मी बी खाल्ल्या म्हनून सांगतलं," काकू म्हणाल्या.

तुम्हाला सांगते, इतकी वर्षं कोर्टात मी साक्षीदार फुटताना पाहिले. सख्खे भाऊ फुटतात, पंच फुटतात, शिकवून शिकवून आणलेला माणूस पिंजऱ्यात उभा राहिला की स्वतःचं गाव विसरतो. आणि इथं दोन बायका, कोणी शिकवलेलं नाही, कागद नाही, तयारी नाही, आणि एका आवाजात, पुरणाच्या पोळ्यांसकट, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. असे साक्षीदार शालिकराम साहेबांना मिळाले असते तर त्यांनी आयुष्यात एक तारीख मागितली नसती.

साहेबांनाही फोन गेलाच होता. त्यांनी काय सांगितलं ते त्यांनीच मला अभिमानानं कळवलं. "मी सांगतलं त्याहिले, अशी ज्युनियर मिळनं नाही. कोर्टात कधी एक शब्द जास्तीचा बोल्ली नाही."

आणि मग निता मॅडमचा मला फोन आला, तोच हा, ज्याचं मघापासून सांगतेय. मी ओट्यावर, मांडीवर पोरगी, डोस दिलेली, तापायला लागलेली, समोर आई आणि काकू मेथीच्या काड्या हातात धरून थांबलेल्या, दारात सुप्रिया, तिचा चेहरा तर असा सुकलेला की निकाल तिचाच लागायचा होता. मॅडम म्हणाल्या, तुम्ही आम्हाला मनापासून आवडला होतात, पण तुमच्या हातून असं काही होणंच शक्य नाही असं तीन जण सांगतात, त्यात एक वकील आहेत, आमच्या कामात खरेपणा सगळ्यात आधी येतो, तुम्हाला यावर काही म्हणायचं आहे का?

आता काय म्हणू? मनात युक्तिवाद असा झरझर उभा राहिला, अगदी मुद्देसूद, पहिला, दुसरा, तिसरा. पण तो मांडायचा म्हणजे मोठ्यानं म्हणायचं, की माझी सासू खोटं बोलते, काकू खोटं बोलतात, मी चढले होते काट्यावर. ओट्यावर बसून. सुप्रिया दारात असताना. आईंनी बोट ओठावर ठेवलं, म्हणजे जपून बोल, पोराकडचे आहेत. आणि मी, तुम्हाला काय सांगू, मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, थोडी मुदत मिळेल का?"

तारीख मागितली मी. सवय.

दिली त्यांनी, भल्या बाई, दुसऱ्या दिवसापर्यंत. मग मी विचार केला, खरं कोण सांगेल? ज्याला माझी इज्जत झाकायची गरज नाही असा एकच माणूस आहे, प्रज्वल. त्याचं काय जातंय? उलट माझ्या नावानं तो रागानंच सांगेल, आणि रागानं सांगितलेलं जास्त खरं वाटतं. घराच्या मागं जाऊन लावला त्याला फोन. म्हटलं, भाऊ, एका मॅडमना एवढंच सांगायचं की मी त्या दिवशी काट्यावर उभी राहिले होते.

तो म्हणाला, "वहिनी, मले येडं समजता काय? एका बाईनं मले भर बाजारात काट्यावरून नमवलं, हे मी मायाच तोंडानं पुन्याले सांगू? धंदा करतो मी इथं. असं काई झालंच नाही."

"अहो, तुम्ही कडता बंद केलात ना त्या दिवसापासून?"

"झालंच नाही तं कडता कायचा बंद? बरं आठवन देल्ली तुमी वहिनी. उद्यापासून कापतो."

आणि लागला कापायला. सगळ्यांचाच. मॅडमना मी लिहून पाठवलं, सगळं, सविस्तर, पुरणाच्या पोळ्यांचं पण लिहिलं, कारण मला वाटलं खरं लिहावं. आता परत वाचते तेव्हा कळतं की पुण्यातल्या कोणत्याही शहाण्या माणसानं त्यावर विश्वास ठेवला नसता. मीही ठेवला नसता. उत्तर आलं, 'आपला अर्ज अत्यंत प्रभावी होता,' आणि पुढं तुम्हाला माहीत आहेच. हरीओमला दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं, फोन पुसून परत दिला, आणि त्या दिवशी पोरीला त्यानंच झोपवलं. यंदाचं वर्ष संपलं. सनद कपाटात गेली, यावेळी कार्डाच्याही खाली.

सुप्रियाचं जमलं, हो. चांगली माणसं आहेत. तिची सासू बघायला आली तेव्हा माझ्याकडे बोट करून म्हणाली, सून फार शांत आहे हो तुमची. आईंचं तोंड असं फुललं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, सुप्रिया माझ्या गळ्यात पडून रडली. कोणावर चिडायचं तेच कळत नाही, सगळ्यांनी माझं चांगलंच केलंय. चूक माझीच असेल, मी नाही म्हणत नाही.

आणि मग परवा हरीओम बाजारातून आला, कडता कापलेल्या वजनाचा कागद आईंच्या पुढं ठेवला, आणि हात धुवायला गेला. आईंनी कागद पाहिला. काकूही आल्या, त्यांच्या वांग्यांचं तेच. दोघी बराच वेळ मेथीच निवडत होत्या, मेथी संपली तरी निवडत होत्या. मग आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साधना, उद्या तू जातं का वं मालासोबत? थो मेला तुलेच भेतो."

मी म्हटलं, "आई, मी कुठं कधी गेले होते?"

"आता जाय ना माय. फक्त कोनाले सांगू नोको."

गेले. पोरीला कडेवर घेऊन चढले काट्यावर, यावेळी चप्पल पण नाही काढली. ऊन वर येईपर्यंत उभी होते, आणि तो म्हणाला, उतरा माय, नाही कापत. अख्ख्या बाजारानं पाहिलं. आता तुम्ही म्हणाल, मग कळव ना त्या पुण्याच्या मॅडमना, आता तरी कळव. कळवते की. फक्त त्यांनी विचारायचं कोणाला ते सांगा. आई, काकू, हरीओम, प्रज्वल, हमाल, कोणालाही विचारा, मी तिथं नव्हतेच.